चित्रवाणीची जन्मकथा आणि गुरुजींचा फळा
(शिक्षक-संमेलनापुढील भाषण)



छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शाळांच्या सहली वेरूळ-खुलताबाद करून पुष्कळदा म्हैसमाळास जातात. गिरिजामातेचे दर्शन होते, पठारावरचा वारा मुलांना सुखावतो, आणि मग कोणीतरी चुणचुणीत विद्यार्थी तेथील उंच मनोऱ्याकडे बोट दाखवून विचारतो, "गुरुजी, एवढ्या उंचावर हा लोखंडी खांब कशासाठी?" "तो दूरदर्शनचा मनोरा आहे," एवढे उत्तर देऊन गुरुजी पुढे चालू लागले, तर त्यांत चूक काही नाही, परंतु एक उत्तम पाठ हातचा निसटला असे मात्र म्हणावे लागेल. त्या एका प्रश्नात भूगोल आहे, गणित आहे, विज्ञान आहे, आणि शिक्षकाच्या व्यवसायाशी निगडित असा एक हृद्य इतिहासही आहे. प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे.

मनोरा डोंगरावर का?

आकाशवाणीच्या मध्यम लांबीच्या लहरी जमिनीच्या वळणाबरोबर काही अंशी वळत जातात. म्हणून त्या दूरवर ऐकू येतात. चित्रवाणीच्या लहरी आखूड असतात. त्या बहुतांशी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत धावतात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरावर जमीन खाली वळते आणि लहर वरून निघून जाते. याकरिता प्रक्षेपण करणारा मनोरा जितका उंच, तितका त्याच्या लहरींचा पल्ला मोठा.

हे गणिताने सहज दाखविता येते. उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास 3.57 ने गुणावे, म्हणजे त्या उंचीवरून सपाट प्रदेशात किती किलोमीटरपर्यंत क्षितिज दिसेल ते कळते. 100 मीटर उंचीवरून सुमारे 36 किलोमीटर, 400 मीटर उंचीवरून सुमारे 71 किलोमीटर. उंची चौपट झाली की पल्ला दुप्पट होतो, हे वर्गमूळाचे मर्म पुस्तकातील दहा उदाहरणांनी जेवढे पटत नाही, तेवढे या एका उदाहरणाने पटते. म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1067 मीटर उंच आहे आणि शहर त्याच्याहून जवळजवळ पाचशे मीटर खाली वसले आहे. मनोऱ्यासाठी हीच जागा का निवडली गेली, हे मग मुले स्वतःच सांगतील. देशातील या जातीची बहुतेक जुनी प्रक्षेपणकेंद्रे 2022 च्या सुमारास बंद करण्यात आली आणि कार्यक्रम उपग्रहावरून व तारेवरून घरोघरी येऊ लागले. तथापि पाठासाठी मनोऱ्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

चित्राचे तुकडे

आवाज तारेतून वा हवेतून पाठविणे त्यामानाने सोपे होते. आवाज एकामागून एक येणाऱ्या कंपनांचा बनलेला असतो. चित्राचे तसे नाही. चित्रातील आंब्याचे झाड, झाडाखालची गाय आणि गाईमागचा डोंगर ही सर्व एकाच क्षणी डोळ्यांपुढे असतात. एका वाटेने एका वेळी एकच खूण जाऊ शकते. मग संपूर्ण चित्र कसे पाठवावे? चित्रवाणीच्या शोधाची सारी अडचण या एका प्रश्नात साठलेली होती.

उत्तर असे निघाले की, चित्राचे बारीक तुकडे पाडावेत, ते ओळीने वाचावेत आणि पलीकडे त्याच क्रमाने मांडावेत. पुस्तक वाचताना डोळा जसा डावीकडून उजवीकडे जातो आणि ओळ संपताच खालच्या ओळीस लागतो, तसेच हे वाचन होय.

यास उपकरण काही लागत नाही. 10 उभे आणि 10 आडवे असे 100 चौकोन कागदावर आखावेत व काही चौकोन काळे करून एखादा आकार काढावा. तो कागद एका मुलाच्या हाती द्यावा. वर्गाच्या दुसऱ्या टोकास दुसऱ्या मुलाने रिकामे चौकोन आखून बसावे. पहिल्याने ओळीओळीने "काळा, पांढरा, पांढरा, काळा" असे उच्चारीत जावे आणि दुसऱ्याने ऐकून चौकोन भरावेत. शंभराव्या शब्दास चित्र तयार होते. मध्येच एक शब्द चुकला तर पुढचे सारे चौकोन सरकतात आणि चित्राचा विचका होतो. पाठविणारा व घेणारा यांची गती आणि क्रम तंतोतंत जुळले पाहिजेत, हे चित्रवाणीचे पहिले सूत्र मुलांच्या ध्यानी येण्यास दहा मिनिटे पुरतात.

दुसरे सूत्र डोळ्याचे आहे. अंधाऱ्या खोलीत पेटती उदबत्ती जोराने गोल फिरविली की तांबड्या ठिणगीऐवजी तांबडे वर्तुळ दिसते. पाहिलेली वस्तू नाहीशी झाल्यावरही तिचा ठसा डोळ्यांत क्षणभर टिकतो. तुकडे पुरेशा वेगाने मांडले तर डोळा ते जोडून घेतो. भारतात स्वीकारलेल्या जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्राच्या 625 ओळी असत आणि सेकंदास 25 चित्रे पाठविली जात. म्हणजे सेकंदास 15,625 ओळी. हा गुणाकार सातवीच्या मुलाने करावा आणि स्वतःच थक्क व्हावे.

भोकांची चकती आणि चहाचे खोके

चित्र ओळीने वाचण्याची व्यवहार्य युक्ती प्रथम पॉल निपको या जर्मन तरुणाने सुचविली. 1884 साली त्याने तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. एका चकतीवर गोगलगाईच्या शंखासारख्या वळणाने भोके पाडलेली होती. चकती फिरू लागली की प्रत्येक भोक चित्रावरून एक ओळ ओढीत जाई. प्रकाश पडल्यावर सेलेनियम या द्रव्याची वीज वाहून नेण्याची शक्ती वाढते, ही गोष्ट 1873 पासून ज्ञात होती. तिचा उपयोग करून उजेडाचे विजेत रूपांतर करावयाचे, असा निपकोचा बेत होता. परंतु मिळणारी वीज अत्यंत क्षीण, आणि ती वाढविण्याचे साधन त्या काळी नव्हते. कल्पना कागदावरच राहिली. "टेलिव्हिजन" हा शब्द मात्र 1900 साली पॅरिस येथील परिषदेत कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियन गृहस्थाने वापरला. म्हणजे वस्तूच्या आधी तिचे नामकरण झाले!

निपकोच्या चकतीस जिवंत केले ते जॉन लॉगी बेअर्ड या स्कॉटलंडच्या मनुष्याने. प्रकृती अशक्त, गाठीस पैसा नाही. 1923 साली हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी त्याने चहाचे खोके, टोपीचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्यांची भिंगे, लाख आणि दोरा यांतून आपले यंत्र उभे केले. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकविता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या यादीकडे एकवार पाहावे. 1925 च्या ऑक्टोबरात लंडन येथे त्याला एका बाहुलीच्या मुखवट्याचे चित्र पडद्यावर उमटलेले दिसले. हर्षभराने तो खालच्या मजल्यावर धावला आणि कचेरीतील एका पोऱ्यास ओढून आणून त्याने यंत्रापुढे बसविले. दुसऱ्या खोलीत जाऊन पाहतो तो पडदा कोरा! तीव्र दिव्यांच्या झळीने भ्यालेला पोरगा मागे सरकला होता. हातावर अर्धा क्राऊन ठेवल्यावर तो पुन्हा जागेवर बसला, आणि चित्रवाणीवर दिसलेला पहिला जिवंत चेहरा त्याचा ठरला. 26 जानेवारी 1926 रोजी बेअर्डने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांसमोर आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक केले. ते चित्र अवघ्या 30 ओळींचे होते.

नांगराचे तास आणि शाळेचा फळा

फिरत्या चकतीस वेगाची मर्यादा असते. 30 ओळींत चेहरा ओळखू येतो, डोळ्यांतील भाव उमटत नाहीत. ज्याला वजन नाही म्हटले तरी चालेल असा इलेक्ट्रॉनांचा झोत चकतीच्या जागी आणावयास हवा होता. जर्मनीच्या ब्राउन या शास्त्रज्ञाने 1897 साली तशी काचेची नळी बनविली होती. 1908 साली इंग्लंडमधील कॅम्बेल स्विंटन याने दोन्ही टोकांस अशाच नळ्या वापराव्यात असे सुचविले. जपानच्या केंजिरो ताकायानागी या शिक्षकाने 1926 च्या डिसेंबरात जपानी लिपीतील एक अक्षर ब्राउनच्या नळीवर उमटवून दाखविले. चित्र टिपण्याचे कामही इलेक्ट्रॉनांवर सोपविणारी पद्धती मात्र एका शेतकऱ्याच्या मुलाच्या हातून सिद्धीस गेली.

त्याचे नाव फायलो फार्न्सवर्थ. जन्म 1906. अमेरिकेतील आयडाहो प्रांतात रिग्बी या खेड्यानजीक त्याचे कुटुंब शेती करी. चौदा वर्षांचा असताना तो घोड्यांच्या औताने शेत फिरवीत होता. मागे वळून पाहिले तो तासामागून तास, समांतर, एकाखाली एक. चित्रही असेच तासातासांनी इलेक्ट्रॉनांकडून वाचता येईल, ही कल्पना त्यास तेथे स्फुरली असे सांगतात. मराठवाड्यातील कोणत्याही मुलास ती उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

कल्पना सुचली, पण ती सांगावी कोणास? 1922 साली तो आपल्या शाळेतील रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टोलमन यांजकडे गेला आणि फळ्यावर आकृत्या काढू लागला. एक फळा भरला, दुसरा भरला. टोलमन यांस ही विद्या अगोदर अवगत होती असे नव्हे. परंतु त्यांनी "हे तुझ्या अभ्यासक्रमात नाही" असे म्हटले नाही. त्यांनी ऐकून घेतले, शंका विचारल्या आणि मुलास विचार पुढे नेण्यास उत्तेजन दिले.

7 सप्टेंबर 1927 रोजी सान फ्रान्सिस्को येथे फार्न्सवर्थने इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने पहिले चित्र पाठविले. चित्र म्हणजे केवळ एक सरळ रेघ! पुढे हा शोध कोणाचा यावर आर.सी.ए. या बलाढ्य कंपनीशी त्याचा वाद जुंपला. कंपनीचे शास्त्रज्ञ व्लादिमिर झ्वोरिकिन यांचा अर्ज 1923 चा होता. फार्न्सवर्थने ही कल्पना 1922 सालीच मांडली होती, याला साक्षीदार कोण? खेड्यातील ते गुरुजी. टोलमन साक्षीस उभे राहिले आणि विद्यार्थ्याने फळ्यावर काढलेली आकृती त्यांनी आठवून पुन्हा काढून दाखविली. निर्णय फार्न्सवर्थच्या बाजूने लागला. त्यास कायद्याची इतर कारणेही होती. परंतु विद्यार्थ्याची एक आकृती बारा वर्षांहून अधिक काळ ध्यानात ठेवणारा शिक्षक ही गोष्ट काही लहान नव्हे. 1939 साली त्या कंपनीने फार्न्सवर्थचे हक्क वापरण्यासाठी दहा लाख डॉलर देण्याचा करार केला.

तिकडे इंग्लंडमध्ये 2 नोव्हेंबर 1936 रोजी बी.बी.सी.ने नियमित चित्रवाणी सुरू केली. बेअर्डची 240 ओळींची आणि मार्कोनी-ई.एम.आय. कंपनीची 405 ओळींची अशा दोन पद्धती आलटून पालटून वापरून पाहण्यात आल्या. थोड्याच महिन्यांत बेअर्डची पद्धती बाजूस सारली गेली. पहिला वाटाड्या मुक्कामास पोहोचतोच असे नाही. पण त्याने मळलेली वाट पुढच्यांस उपयोगी पडते.

भारतातील पहिली पावले

भारतात 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावरून प्रायोगिक चित्रवाणी सुरू झाली. आरंभी आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी एक तास. पल्ला सुमारे 40 किलोमीटर. संच घरोघरी नव्हते; वस्त्यांतून मंडळे स्थापून तेथे ते ठेवण्यात आले. लोक एकत्र बसून पाहत आणि मग पाहिलेल्या विषयावर बोलत. महाराष्ट्राचे लाडके लेखक पु. ल. देशपांडे हे या केंद्राच्या आरंभीच्या निर्मात्यांपैकी एक होते. 24 ऑक्टोबर 1961 पासून दिल्लीच्या माध्यमिक शाळांसाठी नियमित पाठ सुरू झाले. पुष्कळ शाळांना धड प्रयोगशाळा नव्हत्या. म्हणून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रयोग चित्रवाणीवरून दाखविण्यात येऊ लागले. तात्पर्य, ज्या वस्तूस पुढे लोक करमणुकीचे खोके म्हणू लागले, तिचा आपल्या देशातील आरंभ शिक्षणासाठी झाला होता. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि मराठी भाषा चित्रवाणीवर नित्य ऐकू येऊ लागली.

मनोऱ्यांनी सारा देश व्यापावयाचा तर किती मनोरे उभारावे लागतील? डॉ. विक्रम साराभाई यांनी निराळा मार्ग धरला. पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह म्हणजे एक अतिउंच म्हैसमाळच! त्यांच्या पुढाकाराने 1969 साली अमेरिकेशी करार झाला. फलश्रुती पाहण्यास ते हयात राहिले नाहीत; 1971 च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असे एक वर्ष अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत चित्रवाणी पोहोचविण्यात आली. जाळीच्या छत्रीसारखे ग्राहक शाळांच्या व पंचायतीच्या आवारात उभे राहिले. सकाळी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांस विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण याच मार्गे देण्यात आले.

1956 पर्यंत औरंगाबादेबरोबर एकाच हैदराबाद राज्यात असलेले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्या योजनेत होते; महाराष्ट्र नव्हता. पुढे इन्सॅट उपग्रहांच्या काळात महाराष्ट्राची पाळी आली आणि 1984 साली पुण्यास "बालचित्रवाणी" ही संस्था स्थापन झाली. तिचे पाठ पाहून मोठी झालेली मुले आज कित्येक शाळांत शिक्षक म्हणून काम करीत आहेत. 2017 साली ती संस्था बंद करण्यात आली. 2020 च्या साथीत शाळांना कुलपे लागली तेव्हा 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी "टिलीमिली" ही मालिका दाखविण्यात आली आणि पडद्यावरील पाठाची आठवण पुन्हा ताजी झाली.

यंत्र आणि बैठक

आता मुख्य प्रश्न. पडदा वर्गात आला म्हणजे शिकणे झाले काय? याचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीत, चित्रवाणी येण्यापूर्वी, मिळालेले आहे. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर या भागांतील 150 खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपल्यावर रेडिओ बंद करून मंडळी चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्रास कळवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. जेथे रेडिओ आणि चर्चा दोन्ही होती, त्या गावांच्या ज्ञानात मोठी भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता, तेथे ती फारच थोडी आढळली.

हा निष्कर्ष प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. यंत्र तेच, कार्यक्रम तोच, भाषा तीच. अंतर पडले ते बैठकीने. वर्गात ती बैठक शिक्षकावाचून भरत नाही. म्हणून पडदा आपली जागा घेईल ही धास्ती बाळगून जो शिक्षक संच कपाटात कुलूपबंद ठेवतो, तो भलत्याच वस्तूस भितो; आणि जो संच सुरू करून हजेरीपट लिहीत बसतो, तो मात्र आपली जागा आपल्याच हाताने रिकामी करतो.

याकरिता पडद्यावरील कोणत्याही पाठास पुढील चार गोष्टींची जोड द्यावी :

1. पाठ आधी स्वतः पाहावा, आणि मुलांनी कशाकडे लक्ष द्यावे यासाठी दोन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत.

2. पाठ लहान असावा. शक्य तेथे मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" असे विचारावे. जुन्या चित्रवाणीस थांबविता येत नसे. आजच्या साधनांची ही मोठी सोय आहे.

3. संच बंद केल्यावर निदान तितकाच वेळ बोलण्यास आणि हाताने करून पाहण्यास द्यावा. पडद्यावर समुद्र दिसला, तर ओंजळभर पाण्यात मीठ विरघळवून दाखवावे. पडद्यावर नदी दिसली, तर शिवना, खाम किंवा गोदावरी यांपैकी जवळची नदी नकाशात काढावी.

4. ज्या मुलाच्या घरी साधन नाही, त्यास शाळेत पुढच्या ओळीत बसवावे. 1959 साली संच वस्तीत ठेवले गेले ते सर्वांना मिळून पाहता यावे म्हणून. तो हेतू आजही जुना झालेला नाही.

बेअर्डजवळ चहाचे खोके होते, फार्न्सवर्थजवळ नांगरलेले शेत होते. आणि टोलमन गुरुजींजवळ केवळ एक फळा आणि ऐकून घेण्याची तयारी. अशी शेते, अशी खोकी आणि असे फळे या जिल्ह्यात गावोगाव आहेत. म्हैसमाळच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारणारी मुलेही आहेत. उद्या त्यांतील एखादा मुलगा वा मुलगी तास संपल्यावर रेंगाळून, गुरुजींना वा बाईंना न कळणारी एखादी आकृती फळ्यावर काढू लागेल. तेव्हा शाळेची घंटा झालेली असो वा नसो, फळा पुसण्याची घाई कोणी करू नये.